मानेतलं इंजेक्शन आणि दामूकाकांची भुवई

तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता जो बिस्किटाचा पुडा आहे, त्याच्या वेष्टनाचा वास तुमच्याआधी कोणी घेतला होता, हे तुम्हाला माहीत आहे का?

मलाही माहीत नव्हतं. मी भूलतज्ज्ञ आहे. सिल्वासातल्या एका खासगी हॉस्पिटलात सकाळी ऑपरेशनच्या पेशंटना भूल देते आणि दुपारी जुनाट दुखण्यांसाठी पेन क्लिनिक चालवते. बिस्किटाशी माझा संबंध चहापुरता. तो वाढला एका फोनमुळे.

"डॉक्टर मॅडम? मी खडोलीहून बोलतोय, एचआर मॅनेजर साठे. भावना वाघ तुमची पेशंट आहे का?"

"माझे पेशंट कोण आहेत ते मी फोनवर सांगत नाही."

"मग नुसतं ऐका. बाई गेटवर दारू पिऊन आल्यात. तुमचं नाव सांगतायत. सस्पेन्शनचं पत्र टाईप होतंय, म्हणून म्हटलं एकदा विचारावं."

"डोळे कसे आहेत?"

"लाल."

"दोन्ही?"

पलीकडे साठ्यांनी कोणाला तरी विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. "एकच. उजवा. आणि अर्धा मिटलाय."

"त्यांच्याकडे फोन द्या."

फोनवर बसलेला, घोगरा आवाज आला. "ताई, या ना हो. हे लोक ऐकतच नाहीत."

"काय सांगू त्यांना?"

"दारू नाही एवढं सांगा. बाकीचं नका सांगू."

मी क्लिनिक लवकर बंद केलं आणि खडोलीला निघाले.

आता बाकीचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. भावनाबाईंनी नंतर परवानगी दिली आहे, नाव मात्र मी बदललं आहे.

भावनाबाई शिरपूरकडच्या. नवरा गलोंड्याच्या धाग्याच्या कारखान्यात, त्या खडोलीच्या पॅकेजिंग कंपनीत. ही कंपनी बिस्किटं, वेफर, फरसाण यांच्या पुड्यांसाठी छापील प्लॅस्टिकची फिल्म बनवते. छपाईच्या शाईत सॉल्व्हंट असतं, म्हणजे शाई पातळ करणारं द्रव्य. ते नीट उडालं नाही तर फिल्मला वास राहतो आणि तो वास बिस्किटाला लागतो. मशीन हे तपासतं. पण बिस्किटवाल्या कंपन्यांचा नुसत्या मशीनवर विश्वास नाही. त्यांना माणसाचं नाक लागतं.

म्हणून प्रत्येक लॉटमधले तुकडे काचेच्या बरणीत घालून ओव्हनमध्ये गरम करतात. मग एसी खोलीत बसलेली पाच माणसं एकेका बरणीचं झाकण उघडून वास घेतात आणि शून्य ते चार असा आकडा देतात. शून्य म्हणजे वास नाही. चार म्हणजे लॉट परत. या पाच जणांना पॅनेल म्हणतात. पॅनेलवर बसणाऱ्याने अत्तर लावायचं नाही, सुगंधी तेल लावायचं नाही, तंबाखू-गुटखा तर अजिबात नाही. कारखान्यात तंबाखू न खाणारी माणसं शोधणं हीच पहिली परीक्षा असते. ती पास झाली की माणूस मशीनच्या उकाड्यातून एसीत येतो आणि दिवसातला बराच वेळ खुर्चीवर बसतो. ही खुर्ची कोणी सहज सोडत नाही.

भावनाबाईंना व्हायरल ताप आला आणि वास गेला. गेला तो काही आठवड्यांनी परत आला, पण चुकीचा. याला पॅरोस्मिया म्हणतात. वास कळवणाऱ्या नसा विषाणूने दुखावतात आणि पुन्हा वाढताना त्यांची जुळणी चुकते. घंटी एका घराची दाबावी आणि दार दुसऱ्याच घराचं उघडावं, तसं.

"कांदा परतला की टायर जळतो," त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. "आणि टायरात काहीतरी मेलेलं आहे. लसूण तसाच, कॉफी तशीच, टूथपेस्ट पण."

"जेवता काय?"

"दहीभात. गार. नाकाला चिमटा लावून."

"कसला चिमटा?"

"दोरीवरचा, कपड्यांचा. मुलगी हसते. मी म्हणते, हस बाई."

नवऱ्याच्या साबणाचा वासही त्यांना सहन होत नव्हता. तो जवळ आला की त्या तोंड फिरवायच्या. त्याने समजूत करून घेतली की बायको रागावली आहे. मग तोही रागावला. घरात कोणाचंच काही चुकलं नव्हतं आणि बोलणं बंद होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना वासाचा सराव दिला होता. लिंबू, लवंग असे ओळखीचे वास रोज सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगायचे. हा उपाय साधा आहे, स्वस्त आहे आणि आधी हाच करायचा असतो. भावनाबाईंनी तो महिनोन्‌महिने केला. लिंबू थोडं सुधारलं. लवंग टायरच राहिली. मग त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मानेत, श्वासनलिकेच्या बाजूला खोल, नसांची एक गाठ असते. तिला स्टेलेट गँग्लियन म्हणतात. चेहरा, डोळा आणि हात यांच्या रक्तवाहिन्या आवळायच्या की सैल सोडायच्या, ते ही गाठ ठरवते. तिथे सोनोग्राफीत बघत बघत बधिरतेचं औषध सोडलं की ती काही तास झोपते. काही दुखण्यांवर हा ब्लॉक आम्ही पूर्वीपासून देतो. बिघडलेल्या वासासाठी तो अलीकडे वापरून पाहिला जातो आहे. काहींना फरक पडतो. काहींना पडत नाही. का पडतो, याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडे नाही.

हे मी प्रत्येक पेशंटला याच शब्दांत सांगते. आमचे हॉस्पिटलचे मालक, पारेख सर, यांना हे शब्द आवडत नाहीत.

"बेन, बोर्ड लावू या गेटवर. 'गेलेला वास परत. गॅरंटी.'"

"गॅरंटी नाहीये, सर."

"तर मग 'खात्रीशीर' लिहू."

"तेही नाही."

"मग लिहायचं काय?"

"'काहींना फरक पडतो. काहींना पडत नाही.'"

"असा बोर्ड कोण वाचेल, बेन?"

"जो वाचेल तो फसणार नाही, सर."

बोर्ड लागला नाही. त्या जागी डोळ्यांच्या शिबिराचा बोर्ड लागला.

भावनाबाईंनी धोके ऐकले, सही केली आणि एकच प्रश्न विचारला. "कंपनीला कळेल का?"

"माझ्याकडून नाही."

"कळलं तर खुर्ची जाईल. पुन्हा लाइनवर. मशीनच्या तोंडाशी."

"पण आत्ता पॅनेलवर बसून आकडे कसे देता?"

त्यांनी दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "दामूकाका आहेत ना."

दामूकाका डहाणूकडचे. पॅनेलवर सगळ्यात जुने. पॅनेलमध्ये बोलायला मनाई असते, पण बघायला नाही. दामूकाका कायम पहिल्या खुर्चीवर बसतात, पहिली बरणी तेच उघडतात. वास ठीक असेल तर त्यांचा चेहरा जागच्या जागी राहतो. वास असेल तर डावी भुवई वर जाते. किती वर जाते, त्यावर आकडा ठरवायचा. भावनाबाई भुवई बघून लिहायच्या.

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं मला काय माहीत, माय. मी माझं बघते."

साठ्यांचा फोन आला त्या दिवशी सकाळी मी त्यांना उजव्या बाजूचा ब्लॉक दिला होता. दोन्ही बाजू एका दिवशी कधीच करायच्या नसतात, कारण औषध पसरून आवाजाची नसही बधिर होऊ शकते. एका बाजूची झाली तर आवाज बसतो. दोन्ही बाजूंची झाली तर श्वासाचा प्रश्न येतो. ब्लॉक नीट लागला की त्या बाजूची पापणी उतरते, बाहुली बारीक होते, डोळा लाल होतो, नाक चोंदतं आणि हात गरम पडतो. पेशंटला हे भयंकर दिसतं. आम्हाला मात्र औषध योग्य जागी गेल्याची ती पावती वाटते. काही तासांत सगळं आपोआप उतरतं.

"आज घरीच पडून राहायचं," मी सांगितलं होतं. "कामावर जायचं नाही."

"रजा टाकलीय."

शेजारीण त्यांना खडोलीला खोलीवर सोडून गेली. दुपारी कंपनीतून फोन आला. बिस्किटवाल्या कंपनीचा ऑडिटर अचानक आला आहे, त्याला पॅनेल बसलेलं बघायचं आहे, पाचही जण हवेत, रजा रद्द. भावनाबाई उठल्या, युनिफॉर्म घातला आणि निघाल्या. नाही म्हणावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. कारण सांगावं लागलं असतं.

पुढचं गेटवर घडलं. शेजारच्या गुजरातसारखी सिल्वासात दारूबंदी नाही, दुकानं उघडी असतात, त्यामुळे कारखान्यांची गेटं कडक असतात. लाल डोळा, उतरलेली पापणी, बसलेला आवाज. गार्डने त्यांना बाजूला घेतलं.

मी पोचले तेव्हा भावनाबाई गार्डच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. साठे दारात उभे होते. साठे पुण्याचे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"फुंकायच्या मशीनवर काय आलं?" मी विचारलं.

"झीरो," साठे म्हणाले.

"मग?"

गार्ड पुढे आला. "मशीन का क्या भरोसा, मॅडम? कल एक ड्राइवर गिरते-गिरते आया, उसका भी झीरो."

"दोन्ही डोळ्यांवर टॉर्च मारा."

त्याने मारली. एक बाहुली बारीक, एक मोठी.

"आता यांचे दोन्ही हात धरून बघा."

गार्डने हात मागे घेतले. साठ्यांनी खिशात घातले.

"धर ना भाऊ," भावनाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "दारूचा आळ घेतला तेव्हा लाज नाही वाटली."

गार्डने दोन बोटांनी एक मनगट धरलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. "एक गरम है, साहब. एक ठंडा."

"दारू उजव्या-डाव्यात फरक करत नाही," मी म्हणाले आणि भावनाबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "यांना आज सकाळी मी मानेत इंजेक्शन दिलंय. त्याने हे होतं. संध्याकाळपर्यंत उतरेल. तसं लिहून देते."

साठ्यांचा चेहरा सैल झाला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कागद हवा होता. "द्या. इंजेक्शन कशासाठी, तेही लिहा."

"ते लिहिणार नाही."

"मॅडम, 'मानेत इंजेक्शन' एवढ्यावर फाइल बंद होत नाही. गेटवर दारूची नोंद झालीय. कारण नसेल तर ती तशीच राहणार."

"कारण त्यांचं आहे. सांगायचं की नाही, त्या ठरवतील."

"तुम्ही डॉक्टर आहात की युनियन?"

"माझे वडील युनियनची पत्रकं छापायचे. मी फक्त भूल देते."

साठे हसले नाहीत. मीही हसले नाही. पण पेच खरा होता. कारण सांगितलं तर खुर्ची जाणार. नाही सांगितलं तर शिक्का बसणार, आणि दारुडी म्हणून शिक्का बसलेल्या बाईला खडोलीतल्या इतर गेटांवरही कोणी उभं करत नाही. मी भावनाबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. उतरलेली पापणी बोटाने वर उचलून त्या साठ्यांकडे बघत होत्या.

"साहेब, पॅनेलवाल्यांना बोलवा. सांगायचं ते त्यांच्यासमोर सांगते. मागून कोणी म्हणायला नको."

चौघं आले. पुढे दामूकाका. पांढरे केस, दाट भुवया. भावनाबाई उभ्या राहिल्या.

"त्या तापापासून माझं नाक बिघडलंय. सगळ्याला घाण वास येतो. चांगल्या फिल्मला पण. म्हणून मानेत इंजेक्शन घेतलं. मी आकडे मनाने देत नव्हते. काकांची भुवई बघून देत होते. काका, माफ करा."

साठ्यांनी डोळे मिटून उघडले. मग चौघांतला एक जण, वाड्याचा संदीप, जमिनीकडे बघत म्हणाला, "मी पण काकांचीच बघतो. मला सर्दी झाली की नंतर नीट येतच नाही."

साठे दामूकाकांकडे वळले. "म्हणजे सगळं पॅनेल तुमच्या भुवईवर चाललंय, काका?"

दामूकाकांनी टोपी काढली. "साहेब, मना पण ताप आला होता. सगळ्यांनाच आलेला. तवापासून मना कायच येत नाय. ना चांगला, ना घाण."

"कायच नाही?"

"घरात दूध लागलेलं पण कळत नाय. बायको ओरडते तवा कळतं."

"मग भुवई कशी हलते?"

दामूकाकांनी विचार केला. "सवयीनं हलत असंल," ते म्हणाले.

गार्ड बाहेर जाऊन उभा राहिला, बहुधा हसायला.

"म्हणजे इतके महिने," साठे सावकाश म्हणाले, "आपण कोणत्या आधारावर लॉट पास केले?"

त्याचं उत्तर लॅबने नंतर शोधलं. सॉल्व्हंट मोजणारं मशीन या सगळ्या काळात नीट चालू होतं आणि वाईट लॉट तेच अडवत होतं. पॅनेलने पास केलेल्यात गडबड निघाली नाही. पॅनेलने अडवलेल्यात मात्र काही चांगला माल निघाला. ज्या दिवशी दामूकाकांची भुवई उगीच उडाली असेल, त्या दिवशीचा.

पण त्या क्षणी साठ्यांसमोर वेगळाच प्रश्न होता. कॉन्फरन्स रूममध्ये ऑडिटर बसला होता. त्याला चहा-बिस्किटं दिली होती. बिस्किटाचा पुडा याच कंपनीच्या फिल्मचा होता.

"तिघांनाही काढावं लागेल," साठे म्हणाले. "भावना, संदीप, काका. आजच."

मी निघायच्या बेतात होते. थांबले.

"साठेसाहेब, भावनाबाईंना काढलंत तर उद्यापासून काय होईल?"

"नवीन माणसं घेऊ. ज्यांना वास येतो अशी."

"त्यांना पुढच्या वर्षी ताप आला तर?"

साठे ओळखपत्राची दोरी बोटाभोवती गुंडाळू लागले.

"ते तुम्हाला सांगतील का? आज एका बाईने खरं सांगितलं, म्हणून पाठोपाठ दोघांनी सांगितलं. तुम्ही तिघांना घरी पाठवलंत, तर या कारखान्यात नाक गेल्याचं यापुढे कोणीही सांगणार नाही. नवीन पॅनेलला नवीन भुवई सापडेल."

"मग मी करू काय?"

"दोन बरण्या रिकाम्या ठेवा. दोन बरण्यांत शाईच्या सॉल्व्हंटचा एकेक थेंब. कोणती कुठली ते फक्त लॅबला माहीत. वास घेताना मध्ये पुठ्ठे लावा, एकमेकांचा चेहरा दिसता कामा नये. ही परीक्षा दर महिन्याला. नापास झालेला माणूस बरा होईपर्यंत दुसऱ्या बसायच्या कामावर. बसायच्या, हे महत्त्वाचं. लाइनवर नाही. नापास होण्याची शिक्षा नसेल, तर माणूस लपवणार नाही."

"हे तुम्ही भूल देताना शिकलात?"

"भूल द्यायच्या आधी पेशंटला विचारते, काही खाल्लंय का. रागावून विचारलं की नाही म्हणतो. मग टेबलावर उलटी होते."

साठ्यांनी घड्याळ बघितलं. मग ते कॉन्फरन्स रूममध्ये गेले आणि ऑडिटरला सगळं सांगितलं. मला वाटलं नव्हतं ते सांगतील. ऑडिटर म्हणे बराच वेळ हातातल्या बिस्किटाकडे बघत होता. मग त्याने ते खाल्लं आणि विचारलं, परीक्षा आत्ता घेता येईल का? पुठ्ठ्याचे खोके फाडून आडोसे केले. भावनाबाईंचं नाक ब्लॉकने चोंदलेलं होतं, म्हणून त्या बसल्या नाहीत. उरलेल्या चौघांत दोघं पास झाले. संदीप एका बरणीवर चुकला. दामूकाकांनी चारही बरण्यांना शून्य दिलं. ऑडिटरने म्हणे शेरा मारला की या माणसाचं उत्तर निदान प्रामाणिक आहे.

दारूची नोंद खोडली गेली. साठ्यांनी स्वतः खोडली, सहीनिशी. सगळे बाहेर पडल्यावर गार्डने भावनाबाईंना चहा दिला. त्यांनी कप नाकाजवळ नेला आणि परत ठेवला. "आज नको, भाऊ. आज घसा बधिर आहे, ठसका लागेल. आणि चहा पण टायरच आहे."

आता उपचाराचं काय झालं, ते सांगते.

त्या ब्लॉकनंतर भावनाबाईंचा लसूण सुधारला. पूर्ण नाही. टायर गेला, मेलेलं थोडं राहिलं. काही दिवसांनी डावी बाजू केली. या वेळी रजा टाकली आणि फोन बंद ठेवला. त्यानंतर कांदा कांद्यासारखा यायला लागला. त्या दिवशी त्यांनी भज्यांचा घाणा काढला, नवऱ्याला समोर बसवलं आणि चिमट्याशिवाय खाल्लं. कॉफी अजून बिघडलेली आहे. साबण बदलला, तो सहन होतो. माझ्या इंजेक्शनने झालं, सरावाने झालं की नुसत्या काळाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पारेख सरांना हे वाक्य सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

महिन्याची परीक्षा पास झाल्यावर भावनाबाई पॅनेलवर परत गेल्या. संदीप अजून लेबल तपासायच्या टेबलावर आहे. दामूकाकांना मी ब्लॉक दिला नाही. वास अजिबात न येणं आणि चुकीचा येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या बाबतीत मला आशा कमी वाटली. तसं त्यांना सांगितलं. ते सराव करतात. ते आता स्टोअरमध्ये बसतात. वास येत नाही म्हणून त्यांच्या घरी आता गॅसचं बटण बायको बंद करते आणि रात्री मुलगा पुन्हा एकदा बघतो. हे आधी कोणी करत नव्हतं, कारण कोणाला माहीत नव्हतं.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले, की नाक तपासायला मशीन लागत नाही. चुकीचं उत्तर देऊनही खुर्ची शाबूत राहील एवढी खात्री लागते.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात गॅसपाशी जो सर्वांत जास्त उभा राहतो, त्याला आज डोळे मिटायला सांगा. लसणाची पाकळी ठेचून नाकाखाली धरा आणि विचारा, हे काय आहे? उत्तर येईपर्यंत स्वतःचा चेहरा हलवू नका. आणि उत्तर चुकलं, तर हसू नका, ओरडू नका. शेगडीपाशी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, आणि उद्या त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.